चटईवरचे बूट

शेवटचा टब उपडा झाला, हॉलमधली ओली फरशी पुसून झाली आणि थोरल्या सुनेला वाटलं, सुटलो एकदाचे. वर्षातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये या घराचा बूट-दिवस असतो, आणि त्या दिवशी घरातलं कुणी कुणाशी धड बोलत नाही. मंडळीतले बाकीचे लोक सूप वाढतात, केस कापतात, गाणी म्हणतात आणि हसतमुखाने घरी जातात. रस्त्यावरच्या लोकांचे पाय धुवायचे आणि त्यांच्या पायात बूट घालायचे, हे काम मात्र बूट शिवणाऱ्या या घराकडे. बाबांनी तरुणपणी ते अंगावर घेतलं, आणि त्यांनी अंगावर घेतलेलं पुढे सगळ्यांच्या अंगावर येतं, हे घरात आलेल्या प्रत्येक सुनेला पहिल्याच वर्षी कळतं.

सासूबाई गेल्यापासून बूट वाटायचं टेबल थोरलीकडे होतं. यंदा बाबांनी ते धाकटीला दिलं. कारण काही सांगितलं नाही. बाबा कारणं सांगत नाहीत. थोरली तोंडाने म्हणाली, "बरं झालं, माझी पाठ हल्ली धरतेच." मनात मात्र तिने ते पक्कं धरून ठेवलं. सकाळपासून ती सुपाच्या बाजूला उभी राहून धाकटीची धावपळ बघत होती आणि मदतीला जात नव्हती. कुणी बोलावलं असतं तर गेली असती. कुणी बोलावलं नाही.

बाबा भिंतीकडच्या बाकावर बसले होते. दिवसभर गुडघ्यांवर बसून लोकांचे पाय धुतल्यावर ते असेच डोळे मिटून बसतात. थोरली चहा घेऊन गेली, कप बाकावर ठेवायला वाकली आणि वाकलेलीच राहिली.

बाबांच्या पायात छत्रीवाल्याचे बूट होते.

हे तिला कसं कळलं, ते सांगायला हवं. नवा बूट चावतो. आपल्यासारख्याला चावला तर आपण काढून ठेवतो. ज्याला दिवसभर रस्त्यावर चालायचं आहे आणि ज्याच्याकडे दुसरा जोड नाही, त्याने काय करायचं? म्हणून वाटायचा प्रत्येक जोड आधी घरातलं कुणीतरी पायात घालून मोकळा करतं, अशी बाबांची पद्धत. बूट-दिवसाच्या आधी घरात सगळे परक्यांच्या बुटांत वावरतात. स्वयंपाकघरात खटखट, जिन्यात खटखट, आणि ज्याच्या टाचेला फोड आला त्याची चिडचिड. रस्त्यावर छत्र्या दुरुस्त करणारा छत्रीवाला दरवर्षी येतो; त्याचा पाय बाबांच्या मापाचा, म्हणून त्याचा जोड नेहमी बाबा मोकळा करतात. बूट-दिवसाच्या सकाळी सगळ्यांनी ते बूट दारातल्या चटईवर काढायचे. चटईवर असेल ते पोत्यात भरून हॉलमध्ये जातं, त्यात विचारायचं काही नाही. घरचे बूट मांडणीवर राहतात.

यंदा छत्रीवाल्यासाठी काळ्या नाड्या घातल्या होत्या. नाड्या थोरलीनेच आणल्या होत्या. त्या आता बाबांच्या पायात होत्या आणि छत्रीवाला तर दुपारीच नवे बूट घालून, सगळ्यांना सलाम करून गेला होता.

मग तो गेला कुणाचे घालून?

थोरलीने कप ठेवला आणि सरळ हॉलमागच्या स्वयंपाकघरात आली. धाकटी तिथे ओले टॉवेल पिळत होती. थोरलीचा नवरा, थोरला, पोती घडी करत होता. आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, खुर्चीवर बसून उरलेला पाव कागदात गुंडाळत होत्या.

"छत्रीवाल्याला कुठला जोड दिलास?" थोरलीने विचारलं.

"त्याचाच. टेबलावर त्याच्या मापाच्या जागी होता तो. तपकिरी."

"टोकाला शिवण कशी होती?"

धाकटीचे हात थांबले. "दुहेरी होती. मला वाटलं, बाबांनीच घातली असेल."

थोरल्याने हातातलं पोतं खाली ठेवलं. टोकाला दुहेरी शिवण घालणारं माणूस या घरात एकच होतं आणि ते टेकडीवरच्या दफनभूमीत होतं. आईने शिवलेला शेवटचा जोड बाबा फक्त रविवारी उपासनेला घालायचे. एरवी तो कापडी पिशवीत, कपाटात. घरात मुलं रांगायला लागली की त्यांना पहिली ताकीद त्या कपाटाची मिळायची.

"काल रविवार, बाबा संध्याकाळच्या प्रार्थनेलाही ते घालून गेले होते," थोरला म्हणाला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "आल्यावर चुकून चटईवर काढले असतील. आणि मी सकाळी न बघता पोत्यात..." मग त्याला दुसरा धागा सापडला. "पण पायात घालणाऱ्याने तरी बघायला नको? टेबल कशासाठी दिलंय?"

"मी बघितलं ना," धाकटी म्हणाली. "तळ नवा होता, पॉलिश ताजं होतं. आणि बाबा तिथेच होते हो दादा. त्यांनीच त्याचे पाय पुसले."

"त्यांना जवळचं दिसतं कुठे?"

"दिसत नाही तर शिवतो कसा तो?" आत्या म्हणाल्या. पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. दोन वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिला शिवणाचं मशीन चालवता येत होतं, पण कपड्यावर. कातडं ती इथे शिकली. बाबा तिला वाटायचे बूट शिवायला द्यायचे, गिऱ्हाइकाचे नाही. त्यावर ती कधी बोलली नव्हती. टेबल मिळालं त्या दिवशी नवऱ्याला एवढंच म्हणाली होती, "आता मी या घरातली झाले बघ." आणि टेबलावरच्या पहिल्याच दिवशी तिने सासूबाईंची शेवटची आठवण रस्त्यावर पाठवून दिली होती.

"मी जाते," ती म्हणाली. "शोधून आणते."

"काय आणतेस?" आत्यांनी पाव खाली ठेवला. "दिलेलं परत मागणार? या हॉलमधून आजवर कुणी मागितलंय?"

"मग बाबांना काय सांगू?"

आत्यांनी पाव पुन्हा कागदात गुंडाळायला घेतला.

थोरली गप्प होती आणि थोरल्याला ते बायकोचं शहाणपण वाटलं. खरं कारण वेगळंच होतं. सकाळी पोती रिकामी होत असताना तो जोड तिने पाहिला होता. दुहेरी शिवण तिला लांबूनही दिसली होती. आणि तिच्या मनात काय आलं? की ही आता सासूबाईंची नक्कलसुद्धा करायला लागली. नाकाला मिरच्या झोंबल्या आणि तिने तोंड फिरवलं. दोन पावलं पुढे जाऊन जोड हातात घेतला असता तर तिथेच कळलं असतं.

*

धाकटीचा नवरा, धाकटा, बेकरीची गाडी चालवतो. त्यामुळे शहरात कोण कुठे बसतं, हे त्याला घरातल्या इतरांपेक्षा बरं माहीत. छत्रीवाला पोस्टाच्या पायऱ्यांवर सापडेल, असं तो म्हणाला आणि तिथेच तो सापडला. मोडक्या छत्र्यांचा भारा शेजारी, मांडीवर एक उघडी छत्री आणि तोंडात तार. उंच, काटकुळा माणूस. पाय दोन पायऱ्या खाली लांब सोडलेले, आणि येणाजाणाऱ्याला बूट दिसावेत असे जरा वळवून ठेवलेले.

धाकट्याने गाडी कडेला लावली. धाकटी शेजारी बसली होती. त्याने मनात ठरवलं होतं की बोलायचं ते आपण बोलायचं. दुसरा जोड देऊ, वर चांगली गरम बंडी देऊ, माणूस समजूतदार आहे. पण ते बूट पाहिल्यावर त्याला आईचे हात आठवले, शिवताना दोरा ओढणारे, आणि तो बुटांकडेच बघत राहिला.

छत्रीवाल्याने दोघांकडे पाहिलं. तोंडातली तार काढली.

"काही चुकलं का?"

"नाही, नाही," धाकटा म्हणाला. "सहज. म्हटलं, बूट कसे आहेत बघावं."

"बूट बघायला कुणी गाडी घेऊन येत नाही, साहेब." त्याने छत्री मिटली. "परत हवेत ना? दुसऱ्या कुणाचे असतील. मला घालतानाच वाटलं होतं, इतके चांगले आपल्याला कसे." आणि तो खरंच वाकून नाडी सोडायला लागला. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. वस्तू हातातून जायची सवय असलेला माणूस.

डावा बूट निघाला. त्याने तो धाकटीपुढे धरला.

धाकटीने तो घेतला. वरून शिवण पाहिली, मग सवयीने हात आत घातला. बुटाचं घर आहे, बूट हातात आला की हात आत जातोच. करंगळीच्या जागी तिची बोटं थांबली. तिथलं आतलं अस्तर पात्याने खरवडून पातळ केलेलं होतं. खरवडून, त्यावर मऊ कापड चिकटवलेलं होतं, ते झिजल्यावर पुन्हा दुसरं. आजचं काम नव्हतं ते. खूप वर्षांचं होतं आणि हात ओळखीचा होता.

"चावतात का?" तिने विचारलं.

"नाही बाई. माझा पाय म्हणजे नुसती पट्टी. दरवर्षीचे बूट चांगले असतात, पण आत पाय खेळतो, मी कागद कोंबतो. यात नाही कोंबावा लागला. दुपारपासून स्टेशनापर्यंत दोनदा जाऊन आलो, उगीचच."

धाकटी पायरीवर बसली. त्याचा पाय हातात घेतला, बूट चढवला आणि नाडी बांधली. गाठ दुहेरी मारली.

"तुमचेच आहेत," ती म्हणाली. "फक्त बघायला आलो होतो."

"अगं..." धाकटा म्हणाला.

"काय? पायातून काढून घ्यायचे असतील तर तू घे."

धाकट्याने छत्रीवाल्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि खिशात हात घातले. गाडीत बसल्यावर मात्र तो चिडला. "बाबांना काय सांगायचं आता?"

"खरं सांगायचं. मी दिले आणि मी परत आणले नाहीत."

"मी आहे तुझ्याबरोबर."

"तू गप्प बस बरोबर. तू बोलायला लागलास की दादा बोलतात, आणि दादा बोलायला लागले की सगळं बिघडतं."

ते खरं होतं, म्हणून धाकट्याने गाडी सुरू केली. बुटात हात घातल्यावर तिचा चेहरा का बदलला, हे विचारायचं त्याच्या मनात होतं. ते राहून गेलं.

*

घरी जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बसले होते आणि जेवत कुणी नव्हतं. बाबा आत हातपाय धूत होते. तेवढ्या वेळात थोरल्याने एक गोष्ट रचली होती.

"सांगायचं, जोड दुरुस्तीला दिलाय. हळूहळू विसरतील."

"बूट शिवणाऱ्याच्या घरातला जोड दुरुस्तीला कुठे दिलास रे?" आत्यांनी विचारलं. "शेजारी?"

तेवढ्यात बाबा आले. पायात तेच नवे बूट, काळ्या नाड्यांचे. खुर्चीत बसले, डोळे मिटून नेहमीची प्रार्थना म्हटली आणि आमेन म्हणून डोळे उघडले, तर समोर धाकटी उभी.

"बाबा, माझ्याकडून चूक झालीय. तुमचा रविवारचा जोड आज पोत्यातून हॉलमध्ये आला. मी तो ओळखला नाही. छत्रीवाल्याच्या पायात घातला. मग आम्ही त्याला शोधलं, तो परत द्यायला तयार होता, पण मी घेतला नाही. मला घेता आला नाही. तुम्ही टेबल परत ताईंना द्या, मला काही म्हणायचं नाही."

"पोती मी भरली होती," थोरला खाली बघत म्हणाला. त्याला ते म्हणायला बरेच कष्ट पडले.

"आणि मी पाहिला होता," थोरली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. धाकटीनेही.

"सकाळीच पाहिला होता मी तो जोड, बाबा. आईंची शिवण दिसली मला. मला वाटलं, ही त्यांची नक्कल करतेय, म्हणून मी मुद्दाम जवळ गेले नाही. टेबल हिच्याकडे गेलं त्याचा राग होता मला. हिची चूक नाही. हिला कुणी सांगायला हवं होतं, आणि ते मी होते." मग ती धाकटीकडे वळली. "बस खाली. सकाळपासून उभी आहेस."

धाकटी बसली. थोरलीने तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

बाबांनी एकेकाकडे बघितलं. त्यांना राग आला की हा चेहरा असतो, आणि राग नसला तरी हाच चेहरा असतो. घरातल्या कुणालाही आजवर त्यातला फरक कळलेला नव्हता.

"चटईवर मीच ठेवले होते," ते म्हणाले.

"चुकून," थोरला म्हणाला.

"चुकून कशाला? रात्री तळ बदलून, पॉलिश करून ठेवले होते. आणि त्याच्या पायात गेले की नाही तेही बघितलं. मला जवळचं दिसतं." थोरल्याने मान खाली घातली.

"पण बाबा, आईचे होते ते," धाकटा म्हणाला.

"माहीत आहे मला कुणाचे होते." बाबांनी पाणी प्यायलं. एवढं लांबलचक बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे पुढचं वाक्य यायला वेळ लागला. "चावायचे मला."

कुणाला आधी कळलंच नाही.

"पहिल्या दिवसापासून चावायचे. ती आजारी होती तेव्हा. मी म्हटलं, माप घे. तर म्हणाली, तुमचा पाय मला पाठ आहे. तिला पाठ होता तो लग्नातला पाय. तेव्हा मी सडपातळ होतो. पुढे उभ्या उभ्या काम करून पाय पसरले, ते तिच्या ध्यानातच आलं नाही. जोड दिला आणि म्हणाली, घालून दाखवा. मी घातला आणि चालून दाखवलं. ती किती खूश झाली. मग पुढच्या रविवारी ती नव्हती."

आत्यांनी पदराने डोळे टिपले.

"आधी वाटलं, घालू काही दिवस. आतून खरवडले, कापड लावलं. पण प्रत्येक रविवारी तुम्ही सगळे माझ्या पायांकडे बघायचात, मुलांना सांगायचात, बघा आजीने शिवलेत. मग काढणार कसे? तुम्हाला काय वाटेल?"

"आम्हाला?" थोरला म्हणाला. "आम्ही तुम्हाला काय वाटेल म्हणून मघापासून..."

"घाबरलो होतो," थोरलीने वाक्य पुरं केलं.

"छत्रीवाल्याचा पाय अरुंद आहे," बाबा म्हणाले. "दरवर्षी धुतो मी. लांबी माझी आणि रुंदी माझ्या लग्नातली. गेल्या वर्षी धुताना वाटलं, तिला पाठ असलेला पाय तो हाच. कपाटात ठेवून मी तिचं काम वाया घालवत होतो. बसतात ना त्याला?"

"बसतात," धाकटी म्हणाली. तिला एकदम रडू आलं आणि हसूही. "कागद कोंबावा लागत नाही म्हणाला. स्टेशनापर्यंत उगीचच दोनदा जाऊन आला."

"उगीचच?" बाबांचा चेहरा उजळला. "चालत?"

"चालत."

"मेल्या, एवढी वर्षं लंगडत होतास आणि आम्ही म्हणायचो, उपासनेला जाताना किती गंभीर होतो," आत्या म्हणाल्या. "पाळकबाईंनी तर एकदा प्रवचनात तुझं उदाहरण दिलं होतं. देवाच्या दारी कसं जड पावलांनी जावं म्हणून."

पहिली थोरली हसली. मग धाकटा, मग थोरला, आणि मग बाबा स्वतः, खांदे हलवत, आवाज न करता. जीव भांड्यात पडला की माणसाला भूक लागते. एकाएकी सगळ्यांना आठवलं की दिवसभर कुणी नीट जेवलेलं नाही. थोरलीने वाढायला घेतलं. धाकटी उठायला लागली तर तिने तिचा खांदा दाबून बसवलं. "पुढच्या वर्षी टेबलावर दोघी उभ्या राहू," ती म्हणाली. "एकटीला झेपत नाही ते. मलाही झेपत नव्हतं. सांगत नव्हते, इतकंच."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे?"

जेवण झाल्यावर बाबांनी वाकून काळ्या नाड्या सोडल्या. नवे बूट काढले, पुसले आणि धाकट्याकडे दिले. "हे उद्या हॉलमध्ये नेऊन ठेव. शिवलेत वाटायला, घरात राहायला नको. कुणाला तरी होतील."

"मग तुम्ही काय घालणार?" धाकट्याने विचारलं. "रविवारी?"

बाबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. रुंद, पसरलेले, करंगळीवर जुना घट्टा. ते उठले, अनवाणीच कामाच्या खोलीत गेले, तिथून एक मोठा कागद आणि पेन्सिल घेऊन आले आणि कागद धाकटीच्या खुर्चीपुढे जमिनीवर अंथरला.

"माप घे," ते म्हणाले.

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी? तुमचं?"

"तूच शिवायचेत. आणि हे बघ, पाठ करू नकोस." त्यांनी उजवा पाय कागदाच्या मधोमध ठेवला आणि तोल जाऊ नये म्हणून तिच्या खांद्यावर हात टेकला. "दरवर्षी नवं माप घ्यायचं."

धाकटी जमिनीवर बसली आणि त्यांच्या टाचेपासून रेघ ओढायला लागली.